अधाशी

भांडं जमिनीवर ठेवून तो नळाखाली हात धुवायला वळला, आणि ओले हात पुसत परत फिरला तर भांडं रिकामं होतं. नुसतं रिकामं नव्हे, चाटून चकचकीत केलेलं. कुत्रा ते नाकाने ढकलत ओट्याखालच्या कोपऱ्यात घेऊन गेला होता आणि भिंतीशी अडल्यावरही ढकलतच होता. क्षणभर त्याला वाटलं, आपण खाणं घालायलाच विसरलो. मग कुत्र्याच्या बरगड्या आतबाहेर व्हायला लागल्या, मान खाली गेली, तुंबलेल्या मोरीसारखा एक आवाज घशातून आला आणि सगळं जेवण, जसंच्या तसं, एक दाणाही न चावलेलं, त्याच्या पुसून घेतलेल्या फरशीवर आलं. तो फडकं शोधेपर्यंत कुत्र्याने ते पुन्हा खाल्लंही. दुसऱ्या खेपेला तर तो पहिल्यापेक्षा जास्त घाईत होता.

“शी,” तो म्हणाला.

कुत्र्याने शेपूट हलवलं. त्याला ते कौतुक वाटलं असावं. कौतुक आणि किळस यांतला फरक न कळणाऱ्यांचा एक वर्गच असतो, तो मनाशी म्हणाला, आणि त्या वर्गात त्याने आपल्या ताईला फार पूर्वीच बसवलेलं होतं. तिचाच हा कुत्रा. दुपारी हॉस्पिटलला जाता जाता ती त्याला इथे सोडून गेली होती. पित्ताशयाचं ऑपरेशन, किरकोळ, चार-पाच दिवसांत मी घरी, असं म्हणत तिने खाण्याची गोणी दारात टेकवली होती आणि कुत्र्याच्या कपाळाची पापी घेतली होती. भर दुपारी, शेजाऱ्यांच्या दारासमोर, साठी ओलांडलेल्या बाईने! “सोन्या, मामाला त्रास नाही द्यायचा हं.” मामा. म्हणजे नातंही लावून मोकळी. तो गप्प राहिला होता. भावोजी गेल्यावर ती कुठल्याशा बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात जाऊन हा तपकिरी, एका कानाने फाटका प्राणी घेऊन आली, तेव्हाही तो गप्पच राहिला होता. त्याच्या गप्प बसण्याला लोक समजूतदारपणा म्हणत. तो त्यांना म्हणू देत असे.

“दोन वेळा घालायचं,” तिने सांगितलं होतं. “आणि जरा हळू खायला लाव त्याला. फार घाई करतो, पोट फुगतं. कधी पोटाला पीळ बसला तर जिवावर बेतेल म्हणतात.”

“हळू खायला लावू म्हणजे? हात धरू त्याचा?”

“ते तू बघ. तुझ्याइतकं हळू जेवणारं माणूस मी जन्मात पाहिलं नाही. तुलाच जमेल.”

त्याने ते स्तुती म्हणून घेतलं होतं. आता हातात फडकं घेऊन गुडघ्यांवर वाकल्यावर त्याला शंका आली की ती त्याला हसत होती.

हळू जेवणं ही त्याच्या लेखी सवय नव्हती, ती पायरी होती, आणि तिच्यावर तो एकटाच उभा होता. दातांच्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत तो कवळ्या तयार करत असे. पुढे डॉक्टर, आरसा, गोड बोलणं, कुंडीतलं झाड; मागे तो, मेणाचा वास, प्लास्टरची पांढरी धूळ आणि फळीवर ओळीने मांडलेले जबडे. माणसं त्याच्याकडे यायची ती अशी, चेहऱ्याविना, नुसत्या तोंडांनिशी. साच्यातली हिरडी बघून हा माणूस कसा जगला असेल ते आपल्याला कळतं, असा त्याचा पक्का समज होता. हा एकाच बाजूने चावणारा, आळशी. ही झोपेत दात खाणारी, मनात कुढणारी. हा वचावचा करत अर्धा घास तसाच गिळणारा, आयुष्यभर पोट बिघडलंय म्हणून रडणारा. आणि ह्या सगळ्यांना आता नवे दात हवेत. पूर्वीच्या दातांचं काय केलंत, ते आधी सांगा. बिजागरीवर वरचा-खालचा जबडा बसवून तो उघडमीट करून बघायचा तेव्हा ती प्लास्टरची तोंडं त्याला बोलणाऱ्या तोंडांपेक्षा सभ्य वाटत. जेवणाच्या सुट्टीत पुढची मंडळी डबे उघडत, एकमेकांच्या डब्यात हात घालत, बोलता बोलता खात, खाता खाता हसत, आणि बघता बघता डबे धुऊन फोन घेऊन बसत. तो आपल्या बाकावर एकटा, सावकाश, घास पूर्ण बारीक झाल्याशिवाय दुसरा हातात न घेता, समोरच्या भिंतीकडे बघत जेवायचा. मध्ये कोणी हाक मारली तर हात वर करून थांबवायचा. दवाखान्यात त्याला ‘साहेब’ म्हणत. ती थट्टा आहे हे त्याला माहीत होतं आणि तरीही ते नाव त्याला आवडायचं, कारण ते मुळात दवाखान्यातलं नव्हतं, घरातलं होतं, वडिलांनी दिलेलं होतं.

वडील एका गोदामात हमालांवर देखरेख करायचे. मनगटावरचं घड्याळ काढून पेट्यांच्या राशीवर ठेवायचं आणि माणसांना पळवायचं, हे त्यांचं काम. आणि ते घरी आले की तेच घड्याळ ताटाशेजारी यायचं. जो आधी संपवेल त्याला आणखी. पातेल्यात एकालाच पुरेल इतकं उरलेलं असायचं, आई डाव हातात धरून उभी असायची, आणि वडील मिशीत हसत “चला” म्हणायचे. त्यांना त्यात दुष्टपणा वाटत नसावा, गंमत वाटत असावी. कोंबड्यांसमोर दाणे टाकून बघणाऱ्याला वाटते तशी. ताई तुटून पडायची. तिचे गाल फुगायचे, डोळ्यांत पाणी यायचं, घास घशात अडकला की छातीवर बुक्की मारून ती तो खाली ढकलायची, आणि सगळा वेळ तिची नजर ताटात नसायची, पातेल्यावर असायची. ती दर वेळी जिंकायची. तो धाकटा, लहान तोंडाचा, लहान हाताचा, सुरुवातीला धावला, हरला, रडला, पुन्हा हरला. मग एके दिवशी त्याने धावणंच सोडून दिलं. ताट ओढलं, एवढासा घास घेतला, आणि भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे बघत चावत बसला. चावत बसला, चावत बसला. घास संपला तरी चावत बसला. ताईचं दुसरं वाढणंसुद्धा संपलं तरी त्याचं पहिलं अर्धं होतं. “अरे वा,” वडील म्हणाले, “साहेब जेवतायत.” सगळे हसले. आणि त्या हसण्याच्या वर कुठेतरी, छताच्या जवळ, तो जाऊन बसला. तिथून त्याला सगळे खाली दिसले: ताईचे तेलकट गाल, वडिलांची मिशी, आईच्या हातातला डाव. इतकी उंच, इतकी थंड, इतकी स्वच्छ जागा त्याला त्याआधी माहीत नव्हती. तिथून तो पुढे कधी पुरता खाली उतरलाच नाही. लग्न केलं नाही, कारण कोणी ना कोणी समोर बसून जेवलं असतं.

आणि आता हा. सकाळी त्याने कुंडीतला एक मोठा गुळगुळीत दगड धुऊन भांड्याच्या मधोमध ठेवला. कुत्र्याने दगड दातांत धरला, उचलून शेजारी ठेवला, आणि बाकीचं नेहमीच्या वेगाने संपवलं. एखाद्या हमालाच्या सफाईने. संध्याकाळी त्याने खाण्याचे चिमूट चिमूट भाग केले. कुत्रा प्रत्येक भाग गिळून त्याच्या हाताकडे असा बघायचा की बघवत नसे. मग तो कमरेवर हात ठेवून भांड्यासमोर उभा राहू लागला. “हळू! अरे हळू, अधाशा! कोण पळवून नेतंय?” आणि वेग वाढलाच तर तो खाली वाकून भांडं उचलून घ्यायचा, ओट्यावर ठेवायचा, कुत्रा शांत होईपर्यंत थांबायचा आणि मग परत द्यायचा. शिस्त म्हणजे दुसरं काय असतं? पण भांडं परत खाली आलं की कुत्रा आता चारही पाय पसरून त्याच्यावर ओणवा व्हायचा, अंगाने ते झाकून घ्यायचा, आणि घशातून एक बारीक गुरगुर काढत, श्वास न घेता, गपागप, गपागप. त्याच्या पाठीचा कणा खाताना हलायचा. ते हलणं त्याला विशेष घाणेरडं वाटायचं. कुठेतरी ते ओळखीचं होतं.

दुकानात अशा कुत्र्यांसाठी आत उंचवटे असलेली भांडी मिळत. त्याने एक हातात घेऊन उलटसुलट केलं आणि तिथेच मोठ्याने हसला. गुळगुळीत, बोथट, पोरखेळ. जिभेला काय अडवणार हे? ज्याने हे बनवलं त्याने आयुष्यात एखादं तोंड नीट पाहिलं होतं का? त्याने ते दुकानदाराकडे परत ढकललं, आणि मग दवाखाना सुटल्यावर, मागच्या खोलीत, त्याने स्वतःचं भांडं करायला घेतलं. मेणात आधी आकार काढला, मग प्लास्टर, मग गुलाबी अॅक्रिलिक. भांड्याच्या तळातून वर आलेल्या मोठाल्या दाढा, दोन रांगांत, एकमेकींशी किंचित तिरप्या. मधल्या खाचा अशा, की प्रत्येक दाणा जिभेने वळवून, वाकवून, विनवून बाहेर काढावा लागावा. त्याने त्या दाढांना खरे उंचवटे दिले, खऱ्या घळी दिल्या, आणि कोणी कधी बघणार नव्हतं तरी पॉलिश केलं. डॉक्टर निघताना आत डोकावले.

“हे कुठल्या पेशंटचं, साहेब?”

“आहे एक. जबडा फार मोठा आहे.”

“आणि काय तक्रार?”

“तक्रार त्याची नाही, माझी आहे.”

डॉक्टर हसले, सगळे दात दाखवून. त्यांचे दात त्यानेच केलेले होते.

भांडं चाललं. उत्तम चाललं. कुत्रा त्या गुलाबी जबड्यासमोर आधी गोंधळला, मग त्याने जीभ घातली, मग पंजा घातला, मग मान तिरपी करून एकेक दाणा उचकटायला लागला. त्याचं स्वतःचं जेवण होऊन ताट धुऊन झालं तरी कुत्र्याचं चालूच. त्याने हॉस्पिटलला फोन लावला. ताईचा आवाज बारीक येत होता. ऑपरेशन झालं होतं पण ताप उतरत नव्हता, आत काहीतरी साचलं होतं, आणखी काही दिवस ठेवून घेणार होते.

“पण तुझा कुत्रा सुधारला,” तो म्हणाला. “माणसासारखा जेवतोय.”

“त्याला राग नाही ना येत?”

“राग? कुत्र्याला?”

“नाही, म्हणजे... भुकेल्याला असं अडवलं की...” ती दमली, थांबली. “बरं, तू करतोयस ते चांगलंच असेल.”

त्याने फोन ठेवला आणि मान हलवली. अंगात ताप, पोटात नळी, आणि हिला कुत्र्याच्या रागाची पडलीय. असल्या बाईला काय समजावणार!

त्यानंतरच्या एका संध्याकाळी दाराची घंटा वाजली. शेजारी काही विचारायला आला होता, आणि बोलणं लांबलं, कारण शेजारी बोलताना वाक्यं पूर्ण करत नसे. परत आत आला तर कुत्रा ओट्याखाली बसला होता, कान पाडून, आणि भांड्यातली एक रांग मोडलेली होती. कुत्र्याने दाढा चावल्या होत्या. इतके दिवस त्याच्या आणि खाण्याच्या आड जे येत होतं, तेच त्याने सरळ खाल्लं होतं. त्याने फरशीवरचे गुलाबी तुकडे गोळा केले, टेबलावर दिव्याखाली एकमेकांना जोडून पाहिले. जुळत गेले. सगळे जुळले, एक सोडून. एक अख्खी दाढ, अंगठ्याच्या पेराएवढी, कुठेच नव्हती.

जनावरांची डॉक्टर तरुण होती आणि च्युइंगगम चघळत होती. एवढ्यावरच तिच्याबद्दलचं त्याचं मत पक्कं झालं. तिने कुत्र्याचं पोट दोन्ही हातांनी दाबून पाहिलं आणि एक्स-रे काढू म्हणाली.

“उपयोग नाही,” तो म्हणाला. “ते अॅक्रिलिक आहे. एक्स-रेत दिसत नाही. माझा धंदाच आहे तो.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “तुकडा नाही दिसणार. पण आतडं तुंबलं तर त्याच्या मागे हवा साचते, ती दिसते. मला हवा बघायचीय.”

त्याचा वाक्यभर अपमान झाला. हवा नव्हती. सध्या तरी. वाट बघायची, ती म्हणाली. पुढे सरकलं तर सुटलात, अडकलं तर पोट उघडावं लागेल. ओकला किंवा खाणं सोडलं की लगेच आणा. मग तिने विचारलं, “हा खातो तेव्हा तुम्ही कुठे असता?”

“समोर. उभा.”

“आणि काय करता?”

“सांगतो त्याला, हळू खा म्हणून.”

“ओरडून?”

त्याने कुत्र्याची दोरी हाताला गुंडाळून घेतली.

“भांडं मध्येच काढून घेता?”

“शिस्त लागावी म्हणून.”

ती चघळायची थांबली. “काका, हा निवाऱ्यातला आहे ना? तिथे एका परातीत दहा-दहा तोंडं असतात. जो मागे राहील तो उपाशी. त्याला वाटतं, आपलं कोणीतरी हिसकावणार. आणि तुम्ही खरंच हिसकावता. तो हावरा नाहीये, घाबरलेला आहे. आता भांडं बंद. मऊ शिजवलेलं, थोडं थोडं, हातातून द्या. जमिनीवर बसून. त्याच्या वरून नाही, शेजारून. आणि एकदा दिलेलं परत घ्यायचं नाही, काही झालं तरी.”

घरी येताना तो रस्ताभर तिला मनातल्या मनात झाडत होता. सगळेच घाबरलेले. हल्ली अधाशी असा कोणी उरलाच नाही. चोर घाबरलेला, खोटारडा घाबरलेला, वचावचा खाणारा घाबरलेला. उद्या वडीलही घाबरलेले होते म्हणतील. कुत्रा दोरीला लटकून पुढे पुढे ओढत होता. प्रत्येक कचऱ्याच्या डब्याशी तो थांबायचा, आणि ह्यालाही थांबावं लागायचं. फुटपाथवरून माणसं घरी चालली होती, हातात पिशव्या, तोंडात काही ना काही. त्याला ती सगळी तोंडं उघडी दिसायला लागली, हिरड्यांसकट, आणि त्या एवढ्या उघड्या तोंडांमधून चालताना पहिल्यांदाच त्याला कसंतरी झालं, धाप लागल्यासारखं. तिरस्कार करायलाही दम लागतो. तो पायऱ्यांशी जरा टेकला.

जमिनीवर बसणं ही गोष्टच त्याने किती वर्षांत केलेली नव्हती. गुडघे वाजले. वाटीत भात आणि उकडलेली कोंबडी कालवलेली होती. पहिल्या घासाला कुत्र्याने त्याची बोटंही तोंडात घेतली. “अरे माझा हात!” तो ओरडला आणि कुत्रा मागे सरकून भिंतीला चिकटला, तरी गिळतच होता. पुढच्या वेळी त्याने मूठ बंद ठेवली. कुत्र्याने मुठीवर दात लावून पाहिले, पंजा मारला, मग चाटलं, मग थांबला. तो थांबल्यावर त्याने मूठ उघडली. असं करत करत, हळूहळू, कुत्र्याचे ओठ मऊ झाले. आधी ओठ, मग जीभ, आणि दात अगदी शेवटी, जणू विचारून. त्याने आयुष्यभर तोंडं हाताळली होती, पण ती सगळी प्लास्टरची, थंड, कोरडी. हे तोंड गरम होतं. आत कुठेतरी ते थरथरत होतं. त्याला ते आवडलं नाही. हात धुताना त्याने साबण दोनदा लावला, आणि तरी तळव्याला ती ऊब राहिलीच.

रोज सकाळी तो मैदानाच्या कडेला, प्लास्टर कालवायचा आपला जुना चमचा घेऊन, कुत्र्याने केलेली घाण उकरून बघत उकिडवा बसायचा. व्यायामाला आलेले लोक लांबून वळसा घालून जायचे. वळसा घालण्याजोगं काय असतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आजवर वळसा घालणारा तो असायचा. हा काय प्रसंग, तो स्वतःला म्हणे. साहेब, काय शोधताय? दाढ शोधतोय. कोणाची? कोणाचीच नाही. दाढ मिळत नव्हती. आणि एका संध्याकाळी तो वाटी घेऊन बसला, मूठ पुढे केली, उघडली, आणि कुत्र्याने वास घेऊन तोंड फिरवलं.

त्याला वाटलं, चुकून झालं असेल. पुन्हा हात पुढे केला. कुत्र्याने डोळे मिटून घेतले आणि हनुवटी फरशीवर टेकवली. पोट नगाऱ्यासारखं लागत होतं. त्याने त्या जनावरांच्या डॉक्टरला, च्युइंगगमवालीला, फोन लावला. ती दवाखाना बंद करून निघाली होती, पण मी थांबते म्हणाली, तासाभरात काहीच खाल्लं नाही तर घेऊन या, उघडावं लागेल. तो परत येऊन बसला. “खा,” तो म्हणाला. “खा रे. अरे, एवढंसं.” त्याने भात बोटाने कुत्र्याच्या ओठाला लावला. “कोण हिसकावतंय? कोणी नाही. हे बघ, मी हात मागे घेतला. सगळं तुझं. वाटी घे. पटकन खा. गपागप खा की रे, अधाशा, तुझं नेहमीसारखं...” आपला आवाज चढतोय, फाटतोय, हे त्याला ऐकू येत होतं. स्वयंपाकघरातला दिवा, ओटा, खाली बसलेला म्हातारा होऊ घातलेला माणूस, हाताला भात, आणि तो एका कुत्र्याला घाईघाईने खाण्याची विनवणी करतोय. वरून, छताजवळून, हे किती हास्यास्पद दिसत असेल. त्याने सवयीने वर जाऊन बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही. त्याला फक्त ते फाटक्या कानाचं डोकं दिसत होतं, अगदी जवळून, आणि त्याचे बंद डोळे.

तास भरायच्या आत कुत्रा उठला, दाराशी गेला आणि कुंथायला लागला. त्याने पायात चपला न घालताच त्याला खाली नेलं. कंपाउंडच्या भिंतीशी, दिव्याच्या खांबाखाली, कुत्रा पाठ वाकवून बराच वेळ तसाच उभा राहिला, आणि मग दाढ आली. गुलाबी, अख्खी, घळी आणि उंचवट्यांसकट. पॉलिशसुद्धा गेलं नव्हतं. त्याने ती पानाने उचलली, उजेडात धरली. काम चोख होतं, यात शंका नाही. त्याला आधी हसू आलं आणि मग त्या हसण्यात काहीतरी दुसरंच मिसळायला लागलं, म्हणून त्याने ती कचऱ्यात टाकली आणि फोन करून सांगितलं. “छान,” च्युइंगगमवाली म्हणाली. “आता जेवू द्या त्याला.” घरी येऊन कुत्र्याने वाटीभर भात खाल्ला. भराभरा. त्याने काही म्हटलं नाही.

ताई घरी आली ती त्याच्याकडेच आली. एकटीला जमणार नव्हतं. अर्धी उरली होती. गळ्याची हाडं वर आली होती आणि चालताना ती पोटावर उशी दाबून धरायची. कुत्र्याने तिच्याभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की ती रडायला लागली, आणि कोणी रडायला लागलं की तो करायचा तेच त्याने केलं, स्वयंपाकघरात गेला. संध्याकाळी तिने त्याला जमिनीवर बसलेला पाहिलं. आता भांडं परत आलं होतं, साधं, पसरट. पण तो शेजारी बसायचा आणि कुत्रा खात असताना मध्येच हात पुढे करून भांड्यात आणखी घालायचा. काढायचा नाही, घालायचा. हात आला की काहीतरी येतं, एवढं कुत्र्याला पटेपर्यंत. तिने उशी दाबून हसू आवरलं.

“हसू नकोस, टाके तुटतील.”

“तू खाली बसलायस!”

“मग काय करू? तुझ्या राजेसाहेबांना पंगतीला सोबत लागते.”

मग ते दोघं टेबलाशी जेवायला बसले. त्याने बटाट्याचं पातळ सूप केलं होतं, सोबत पाव होता. डॉक्टरांनी तिला सावकाश, थोडं थोडं खायला सांगितलं होतं, आणि ती खात होती ती तशीच, लहानपणासारखी. चमचा तोंडातून निघायच्या आत दुसरा भरायची, पाव बुडवून अख्खा आत ढकलायची, नजर पातेल्यावर. हॉस्पिटलने तिचं सगळं काढून घेतलं होतं, हे नव्हतं घेतलं. त्याच्या आत ती जुनी, थंड, ओळखीची जागा हलली. त्याला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी ठिकाणावर आलं.

“हळू,” तो म्हणाला. “कोणी हिसकावत नाहीये. जन्मभर तू अशीच. बाबांनी घड्याळ काढलं रे काढलं की तुटून पडायचीस. अधाशी.”

तिने चमचा ठेवला. रागावली नाही. तिला खरंच विचार करावा लागत होता असं तिचं तोंड झालं.

“मग काय करू?” ती म्हणाली. “भूक लागायची.”

“भूक सगळ्यांनाच लागते.”

“तुला लागायची?”

त्याने घास चावला.

“नाही, खरंच विचारतेय,” ती म्हणाली. “तू नुसता भिंतीकडे बघत बसायचास. मला वाटायचं, ह्याला लागतच नाही. एकदा मी माझं दुसरं वाढणं तुला द्यायला निघाले होते. आई म्हणाली, राहू दे, त्याला कमीच लागतं, तू घे. पुढे ती तुझ्या ताटात वाढतानाच कमी वाढायची. उगाच टाकशील म्हणून.” तिने पावाचा तुकडा मोडला. “मला तुझा हेवा वाटायचा रे. भूक नसलेला माणूस म्हणजे किती सुखी.”

आणि ती परत जेवायला लागली.

तो चावत राहिला. घास केव्हाच संपला होता. त्याला कोणाला तरी तुच्छ लेखायचं होतं, तातडीने, आणि त्याने एकेकाला पुढे ओढून पाहिलं: आईला, जिला एवढंही कळू नये; वडिलांना; ह्या बाईला, जिच्या जिभेला हाड नाही. एकही टिकेना. इतकं चोख केलं होतं त्याने ते. घास संपल्यावरही चावणं, भिंतीवरचा डाग, ओठांच्या कडा टिपणं. घरातल्या कोणालाही, आईलासुद्धा, संशय आला नाही. शाळेत जाताना पोटात कळ यायची म्हणून तो पट्टा आवळायचा, आणि त्या आवळण्यालाच मान ताठ ठेवणं म्हणायचा. लागायची. रोज लागायची. ते दुसरं वाढणं ताईच्या ताटात पडायचं तेव्हा होणारा आवाजसुद्धा त्याला पाठ होता. आणि एवढं होऊन, ह्या सगळ्यांना त्याने वरून काय दाखवलं, तर एक सुखी माणूस. मूर्ख, तो म्हणाला, मनात, आणि पहिल्यांदाच त्या शब्दाला बाहेर जायला जागा मिळाली नाही. तो तिथेच राहिला.

त्याच्यासमोरची बशी रिकामी होती. ती केव्हा रिकामी झाली ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. पातेल्यात थोडं उरलं होतं, पातेलं ताईच्या हाताशी होतं. आणखी हवं असेल तर माणसं काय म्हणतात ते त्याला आठवेना. म्हणजे शब्द माहीत होते, तोंडात येत नव्हते. शेवटी त्याने बशी उचलली आणि टेबलावरून पुढे धरली.

ताईचं लक्ष नव्हतं. ती खुर्चीतून एका कुशीला कलली होती, ओट्याखालच्या कुत्र्याच्या भांड्याकडे बघत.

“ऐक,” ती हळूच म्हणाली. “ऐकतोयस? चावतोय तो.”

कुत्र्याच्या दाढांखाली काहीतरी सावकाश मोडत होतं. ती ऐकत राहिली. तो बशी पुढे धरून थांबला.